धुळीवरचे पांढरे पट्टे

कोपऱ्यावरच्या दवाखान्यासमोर रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे पुन्हा एकदा मारले. मारले कसले, धुळीवरच रंग फासला! बदामाचं एक वाळकं पान पडलं होतं, तेही कुणी उचललं नाही. रंग त्याच्यावरूनच गेला. संध्याकाळी पान उडालं आणि पट्ट्यात पानाच्या आकाराचं डांबर उघडं पडलं. ते बघून आमच्या शेजारच्या सुमनकाकू म्हणाल्या, "अहो, आम्ही दारात रांगोळी काढतो तीसुद्धा झाडून, सडा घालून. आणि ती तर दुसऱ्या दिवशी पुसायचीच असते!"

चीड येते ती याचीच. एका दिवसाच्या रांगोळीसाठी आपण जमीन एवढी निगुतीने तयार करतो. आणि ज्या पट्ट्यांच्या भरवशावर म्हातारं माणूस भरधाव गाड्यांपुढे पाऊल टाकतं, ते धुळीवर. रंग धुळीला चिकटला, धूळ चाकांबरोबर निघून गेली.

आता तिथे काहीच दिसत नाही. काकू मात्र अजूनही वळसा घालून तिथेच येतात, हात वर करतात आणि चालू लागतात. पट्टे कुठे होते ते त्यांना पक्कं ठाऊक आहे. गाडीवाल्यांना नाही.