रवणासाठी जपलेलं अंडं

व्हिनेगरचा वास आला की पोलादपूरचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. वडील दवाखान्यातून घरी आले होते. डॉक्टरांनी रोज अंडं खायला सांगितलं होतं; पण तेल बंद होतं, उकडलेलं अंडं घशात अडकायचं, म्हणून ते रोज ताट परत पाठवत. मुंबईहून आलेल्या वहिनीने दुकानातलं अंडं खळखळत्या पाण्यात फोडलं, तर त्याच्या चिंध्या झाल्या. "ही काय, अंड्याची पेज हाय?" वडील दारातून म्हणाले. पिल्लं काढायला कोंबडी रवणाला बसवायची होती. त्यासाठी जपलेल्या अंड्यांतलं त्याच सकाळचं ताजं अंडं आईने आणून दिलं. वहिनीने गॅस बारीक केला, पाण्यात चमचाभर व्हिनेगर घातलं आणि अंडं आधी वाटीत फोडून अलगद सोडलं. या वेळी पांढरं बलकाभोवती गोळा झालं. वडिलांनी ते बोटाने दाबलं, तसं पिवळं वाहिलं. "कच्चं हाय गो." "कच्चं नाय. माझं एक पिल्लू घातलंय तुमच्या ताटात, खावा आता," आई म्हणाली. त्यांनी भाकरीच्या तुकड्याने ताट पुसून खाल्लं आणि विचारलं, "उद्या घालेल ना कोंबडी?" घरी आल्यापासून उद्याचं ते पहिल्यांदाच बोलत होते. आजही घरात कुणी आजारी असलं, की त्याच्या तोंडून उद्याचा विषय निघेपर्यंत मला चैन पडत नाही.