चढावर वाजणारी गाडी

ती घटना आठवायला मला जुनी डायरी उघडावी लागत नाही. सत्तरच्या दशकात मी हिंगोलीला फौजदार होतो. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका होता आणि गावात खासगी मोटारी मोजक्याच होत्या. त्यातली एक छोटी, स्वस्तातली गाडी एका डॉक्टरांची. ती वाजू लागली आणि तिच्यापायी मी एका सरळ माणसाला दोरी लावली.

डॉक्टरांनी एका मिस्त्रीकडून इंजिनाचे काम करून घेतले होते. चार नवे पिस्टन त्यांनी स्वतः नांदेडहून आणून दिले होते. महिनाभरातच इंजिन ठोकू लागले. चढावर तर डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज. दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने त्यांचे कान भरले की, मिस्त्रीने जुनेच पिस्टन बसवले आणि नवे दडवले. डॉक्टर फिर्याद घेऊन आले. त्याच दिवशी आमच्या खबऱ्याने सांगितले की, मिस्त्रीच्या शेडमध्ये पोत्यात गुंडाळलेले चार पिस्टन आहेत.

तो मंगळवार होता, बाजाराचा दिवस. मी झडती घेतली, पंचनामा केला. पिस्टन सापडले, चकचकीत. मला त्यातले काय कळत होते? विश्वासघाताचा गुन्हा नोंदवला आणि मिस्त्रीला भर बाजारातून दोरी लावून चालवत ठाण्यात आणले. लोक दुकानांच्या पायऱ्यांवर उभे राहून बघत होते आणि खरे सांगायचे तर तेव्हा मला ते आवडत होते.

मिस्त्री पन्नाशीतला, बौद्ध समाजातला. वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या हाताखाली काम करून त्याने नुकतीच स्वतःची शेड टाकली होती. चौकशीत मी आवाज चढवला. नवे पिस्टन कुठे विकणार होतास, हेच दहा वेळा विचारले. तो म्हणाला, हे जुनेच आहेत. काढलेला माल गिऱ्हाइकाला दाखवायला मी धुऊन-पुसून ठेवतो, डॉक्टर बघायला आलेच नाहीत. मी ते हसण्यावारी नेले. तेव्हा तो शांतपणे बोलला.

"साहेब, तुमी कोणी केलं ते इचारून राहिले. गाडी कवा वाजते ते कोणीच इचारत न्हाई. पिस्टन ढिला असला तर इंजिन सकाळी गार असताना वाजते, गरम झालं की कमी होते. ही तर गरम झाल्यावर, चढावरच वाजते. दुखणं पेट्रोलात हाय."

टाकीतला एक थेंब कागदावर टाकून बघा, असे त्याने सांगितले. डॉक्टरांची गाडी आवारातच उभी होती. हाताशी त्याच्याच जबाबाचा कागद होता. त्याच्या कोपऱ्यावर एक थेंब गाडीतला टाकला, शेजारी एक आमच्या जीपमधला. जीपचा थेंब बघता बघता उडून गेला. गाडीच्या थेंबाचा तेलकट डाग राहिला. वास घेतला, घासलेट.

दोन्ही गाड्या एकाच पंपावर भरत, म्हणजे भेसळ पंपावरची नव्हती. मग मी डॉक्टरांना मिस्त्रीचाच प्रश्न विचारला, गाडी कधी वाजते? ते विचार करून म्हणाले, बुधवारी परतताना सगळ्यात जास्त. दर बुधवारी ते सेनगावच्या पुढे एका तांड्यावर फुकट रोगी तपासायला जात.

दुसऱ्या दिवशी बुधवारच होता. दुपारपर्यंत मिस्त्रीला न्यायाधीशांपुढे हजर करायचे होते. कोठडी मिळाली असती तर त्याच्या शेडकडे पुन्हा कोणी फिरकले नसते. मी सकाळीच साध्या कपड्यांत डॉक्टरांबरोबर तांड्यावर गेलो. ते लिंबाखाली रोगी तपासू लागले, मी एका घराच्या आडोशाला थांबलो. थोड्या वेळाने एक शेतकरी डबा घेऊन आला, टाकीचे झाकण उघडून डबा ओतू लागला. मी त्याचे मनगट धरले. तो घाबरलासुद्धा नाही.

"डाक्टरसायबानं माही लेक वाचवली. पैसे घेत न्हाई. मंग गाडीले तेल तरी देतो."

त्याच्या विहिरीवरचे इंजिन पेट्रोलवर सुरू व्हायचे आणि पुढे घासलेटवर चालायचे. मोटारीचेही तसेच असते, अशी त्याची पक्की समजूत. सांगितले तर डॉक्टर नको म्हणतील, म्हणून गुपचूप ओतायचा. रेशनचे घासलेट इकडे जात होते आणि त्याच्या घरात कित्येक दिवस चिमणी पेटली नव्हती. डॉक्टर मागे येऊन सगळे ऐकत होते.

आम्ही परतलो. मिस्त्रीने टाकी रिकामी करून ताजे पेट्रोल भरले. औंढ्याच्या रस्त्यावरच्या चढावर तिघे जाऊन आलो. इंजिन गप्प. डॉक्टरांनी त्याची माफी मागितली, मी गुन्हा घडलाच नसल्याचा अहवाल न्यायालयाला पाठवला आणि त्याला जीपने घरी सोडायला सांगितले. तो जागचा हलला नाही.

"जीप नको, साहेब. काल ज्या रस्त्यानं आणलं त्याच रस्त्यानं पोचवा. तुमी संग चाला."

मला आधी राग आला. मग लाज वाटली, आणि तीच जास्त काळ टिकली. मी वर्दी चढवली, टोपी घातली आणि त्याच्या बरोबरीने चालू लागलो. दहा मिनिटांचीच वाट, पण नोकरीत इतकी लांब वाट मी दुसरी चाललो नाही. त्यानंतर प्रत्येक तपासात मी आधी 'कधी' विचारले, 'कोणी' नंतर. कित्येकदा त्यामुळे दोरी खुंटीवरच राहिली.

शेडपाशी त्याने कुलूप काढले, एक खोके पुसून पुढे केले आणि चहा सांगितला. मी 'अहो मिस्त्री' म्हणून त्याला शेजारी बसवले आणि रस्त्याकडे तोंड करून बसलो, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना आम्ही दोघे दिसावे म्हणून.