वाढत्या अंगाचं माप

महिन्यापूर्वी मार्केट यार्डात मोसंबी निवडत होतो, तेव्हा बायकोचा फोन आला. "अण्णा गेले," एवढंच म्हणाली. दुपारी जेवून आडवे झाले होते, ते उठलेच नाहीत. पिशवीत दोन किलो मोसंबी होती, त्यांनीच सांगितलेली. ती घेऊन घरी आलो.

अण्णा माझे सासरे. कसबा पेठेत त्यांचं शिवणाचं दुकान होतं. शाळेचे गणवेश शिवायचे. सासूबाई गेल्यावर आमच्याकडे राहायला आले आणि तिसऱ्या वर्षी पार्किन्सन्सचं निदान झालं. हातांच्या थरथरीची ते थट्टा करायचे, मशीन बंद केलं तरी चालूच आहे म्हणायचे. पण पाय ऐकेनासे झाले तेव्हा गप्प झाले. सपाट फरशीवर तोल जायचा. दारापाशी आले की पावलं चिकटल्यासारखी थांबायची आणि वरचं अंग तेवढं पुढे जायचं. सहा महिन्यांत चार वेळा पडले. मी नोंद ठेवली होती. मग ठरलं, संडासला जाताना कोणीतरी बरोबर जायचं, आतून कडी लावायची नाही. अण्णांनी चार दिवस ऐकलं. पाचव्या दिवसापासून पाणी पिणं जवळजवळ सोडलं... जावंच लागू नये म्हणून. हिच्या लक्षात आलं तेव्हा ती रडली. अण्णा म्हणाले, "मुलीसमोर नाही बसायचं मला. कडी लावता येईल असं काहीतरी करा."

फिजिओथेरपिस्ट बाईंनी फरशीवर आडव्या रंगीत पट्ट्या चिकटवायला सांगितल्या. पट्टी ओलांडायची म्हटलं की अडलेलं पाऊल उचलतं म्हणे. मी कामाला लागलो. पलंगापासून संडासच्या दारापर्यंत अकरा फूट. अण्णांची दहा पावलं मोजून सरासरी काढली, सात इंच. त्या अंतरावर अठरा पट्ट्या लावल्या, एकही तिरकी नाही. अण्णा त्यांवरून तसेच पाय घासत गेले आणि दारात अडकले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "जावईबापू, पोरांचे कपडे आम्ही वाढत्या अंगाचं माप घेऊन शिवायचो. तुम्ही आटलेलं घेतलंत."

अठराच्या अठरा उपटल्या आणि दीड-दीड फुटावर सात लावल्या. पहिले काही दिवस आम्ही दोन्हीकडून धरायचो. दहाव्या दिवशी अण्णा एकटे गेले. कडी लागल्याचा आवाज आला, तरी आम्ही दोघं दाराबाहेर उभेच. "अहो, तिकीट काढून आलात का? जा आपापल्या कामाला," आतून आवाज आला.

गेल्या रविवारी पट्ट्या काढायला बसलो. आठ भरल्या. आठवी दाराच्या आत, कमोडच्या अलीकडे, तिरकी, एक टोक दुमडलेलं. इतके दिवस मला वाटायचं ती हिने लावली, आणि हिला वाटायचं मी. म्हणजे अण्णा कडी लावून खाली बसले असणार, त्या हातांनी पट्टी चिकटवली असणार आणि कोणालाही हाक न मारता उठले असणार...

सात पट्ट्यांचे चिकट डाग हिने रॉकेलच्या बोळ्याने पुसले. आठवी तशीच आहे. मी तिच्यावर पाय देत नाही, ओलांडून जातो.