मिनारताईंची मुकी जागा

मिनारताई बास्केटबॉल शिकवायच्या त्या रबरी चपला घालून. देशासाठी खेळून आलेली, दाराच्या चौकटीखालून वाकून जाणारी ही बाई मैदानावर आली की आधी चपलांचा फटक फटक आवाज यायचा आणि मागोमाग पेरूंचा वास. दौलताबादला त्यांच्या वडिलांची पेरूची बाग होती. सकाळच्या पहिल्या बसने येताना खांद्यावरच्या जाळीत बॉलच्या जोडीला पेरू असायचेच. त्यांचे नाव वेगळे होते. पण चांद मिनाराच्या गावची एवढी उंच बाई. आम्ही मुलींनी पहिल्याच आठवड्यात त्यांचे बारसे केले आणि त्यांनीही ते हसत मान्य केले.

खेळायचे बूट त्यांच्याकडे होते. पांढरे, निळ्या पट्ट्यांचे, कागदात गुंडाळून ठेवलेले. एका सरकारी खात्यात त्यांची नोकरी होती, तीच मुळी खेळण्यासाठी. परगावच्या एका कोर्टवर गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया झाली आणि त्या विश्रांतीसाठी घरी आल्या. गुडघा भरून येईपर्यंत शहरातल्या छावणीच्या मैदानावर आम्हांला शिकवायचे, एवढाच बेत. "मी इथं पाहुणी हाय," त्या म्हणायच्या, "बूट जायच्या दिवशी घालीन." त्यामुळे रोज सकाळी आमची नजर आधी त्यांच्या पायांकडे जाई. चपला दिसल्या की दिवस आपला.

नव्या मुलीच्या हाती त्या बॉल देत नसत, खराटा देत. "अनवाणी झाड. आधी तळव्याला कोर्ट कळू दे, मग हाताला." कडुनिंबाच्या पिवळ्या पानांखालचे गार सिमेंट, त्यातल्या भेगा, पुसट चढउतार हळूहळू तळव्यांना पाठ होत. बास्केटच्या डाव्या अंगाला एका जागी सिमेंटखालची माती खचली होती. इतरत्र बॉल टणकन उठे. तिथे मात्र 'ढप्प' म्हणून पायाशीच बसून राही. तिला आम्ही मुकी जागा म्हणत असू. खेळताना कुणी तिकडे निघाली की जिला दिसेल तिने ओरडायचे, "मुकी!" हा ताईंचा दंडक. त्यांचा गुडघा अशाच एका जागेवर गेला होता. त्याबद्दल त्या एवढेच बोलत : "बॉल उठला नाय. मी वळले, गुडघा वळला नाय. अन् त्या कोर्टवर सांगायला कुणी नव्हतं."

सराव चालू असताना त्या पुष्कळदा आमच्याकडे पाठ करून उभ्या राहत. तिखटमीठ लावलेला पेरू खात नुसत्या ऐकत.

"नसरीन, डावा हात झोपला काय गं?"

नसरीन आमची कर्णधार. तिच्या जिभेला उसंत ठाऊक नव्हती. "ताई, पीछे भी आँखें हैं क्या?"

"कान हायत ना. बॉल खोटं बोलत नाय."

पुढे मी कविता शिकले, शिकवू लागले. पण लय म्हणजे काय, ती कुठे श्वास घेते आणि कुठे नुसता घेतल्यासारखे करते, हे मला त्या पाठमोऱ्या बाईच्या मागे, सिमेंटवर उमटणाऱ्या ठोक्यांतूनच प्रथम कळले.

हिवाळा सरता सरता डॉक्टरांनी गुडघा बरा झाल्याचे सांगितले आणि खात्याच्या संघातून बोलावणे आले. "कळवते," एवढेच ताई म्हणाल्या. त्याच आठवड्यात जळगावच्या मुलींशी आमच्या कोर्टवर सामना होता. जिंकलो तर ताई जाणार नाहीत, असे आम्ही आपापसांत ठरवून टाकले. त्याला आधार काही नव्हता. पण त्या वयात आधार कोण मागतो?

सामन्याच्या सकाळी ताईंनी पाहुण्या मुलींना कोर्टवर फिरवले आणि मुक्या जागेपाशी नेऊन, तिचे नाव सांगून बॉल आपटून दाखवला. ढप्प. त्यांना त्या जागेकडे ओढायचा आमचा सगळा डावपेच त्या एका आवाजात विरला. नसरीन तडक त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "ताई, तुमे तो घर की चाबीच दे डाले उनको."

"चावी नाय दिली, उंबरा दाखवला. दारात आलेल्याला ठेच लागली तर बेइज्जती कुणाची?"

शेवटपर्यंत दोन्ही संघ बरोबरीत होते. अगदी अखेरच्या क्षणांत जळगावची एक मुलगी बॉल घेऊन डावीकडून आत घुसली. समोर नसरीन. खेळाच्या भरात ती मुलगी सकाळचे सारे विसरली होती. आणखी एक पाऊल, की बॉल तिथेच मरणार. आणि नसरीनच्याच तोंडून, रोजच्या सवयीने, खणखणीत निघाले, "मुकी!" मुलीने अंग चोरले, ती वळली आणि तिने बॉल टाकला. जाळी हलली. आम्ही हरलो.

नसरीन ओढणीत तोंड लपवून मैदानाच्या कडेला बसली. ताई मात्र हसत होत्या. हसता हसता डोळे पुसत कडुनिंबाला टेकल्या. "दुश्मनाला सांगितलंस गं," त्या म्हणाल्या, "लई शिकलीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी फटक फटक आवाज आला नाही. ताई आल्या त्या बूट घालून. आमच्या हातातले बॉल हातातच राहिले. नसरीन जमिनीकडे पाहत म्हणाली, "बस कितने बजे की है?"

ताई सावकाश चालत मुक्या जागेवर गेल्या आणि त्या पांढऱ्या बुटांनिशी तिथेच उभ्या राहिल्या. "खात्याला कळवलं. आता खेळणार नाय म्हटलं. खेळाडूंना शिकवायचं काम इथंच द्या, असा अर्ज टाकलाय."

"गुडघा तर बरा झाला ना ताई?" मी विचारले.

"व्हय, चांगला झालाय. पण तिथं मी मुक्या जागेकडं निघाले तर ओरडणारं कोण हाय?" मग बॉल नसरीनकडे फेकत त्या म्हणाल्या, "अन् बूट किती दिवस कागदात ठेवू? चला, पळा."

आता कोर्ट नवे झाले आहे. जुने सिमेंट उखडले, माती दाबली, वर गुळगुळीत निळा थर चढवला. ताईंचे केस पांढरे होत आले आहेत. शहरात असले की मी सकाळी तिकडे जाते. त्या अर्धा पेरू माझ्या हातावर ठेवतात आणि कोर्टकडे पाठ करून ऐकत राहतात. परवा एक लहानगी डाव्या अंगाने बास्केटकडे निघाली आणि चारी बाजूंनी मुली ओरडल्या, "मुकी!" ती झटकन वळली.

तिथे आता बॉल चांगला टणकन उठतो. मी ताईंकडे पाहिले.

"ठाऊक हाय," पेरू चावत त्या म्हणाल्या. "ओरडू दे."