खोडेसरांचं महाबलीपुरम

खोडेसरांना कोणी दुखावलं की ते भांडत नसत. नुसती मान हलवून म्हणत, "ठीक आहे, ध्यानात ठेवतो." आणि खरंच ठेवत. "माफी देनं मोठ्या लोकायचं काम. मी वडनेरचा साधा मास्तर," हे त्यांचं आवडतं वाक्य.

आम्ही वडनेरच्या एकाच शाळेत होतो. ते इतिहास शिकवत, मी मराठी. एका वर्षी सहल महाबलीपुरमला ठरली. सरांनी महिनाभर फळ्यावर रंगीत खडूंनी ती समुद्रकाठची मंदिरं काढली. एकेका खडकातून कोरलेले रथ, कातळावरचे हत्ती. "डोंगरातून देऊळ काढाचं म्हणजे चुकीले जागाच नाई. एक घाव चुकला का खतम," हे पोरांना पाठ झालं होतं.

निघायच्या सकाळी मुख्याध्यापकांनी सरांचं नाव खोडलं आणि स्वतःच्या मेहुण्याला घेऊन ते गाडीत बसले. "शाळा कोण पाहीन, खोडेसर?" एवढंच म्हणाले.

पोरं परतली. सरांनी विचारलं, "हत्ती पाह्यले?"

"नाई सर. आम्ही समुद्रावर खेळलो."

सरांनी डस्टर उचललं आणि फळा पुसला.

निवृत्तीनंतर आम्ही जुने शिक्षक महाबलीपुरमला निघालो, तेव्हा सरच म्हणाले, "मोठ्या सरायले घ्याच." मुख्याध्यापकांची नजर तोवर काचबिंदूनं गेली होती. मला वाटलं, राग निवला.

त्या भल्यामोठ्या कातळासमोर सर तासभर बोलले. हत्तीजवळ एक मांजर पुढचे पाय वर करून तप करतंय आणि भोवती भाबडे उंदीर, हे त्यांनी दाखवलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. मुख्याध्यापकांनी हात पुढे केला. "कुठं आहे मांजर? मले बी सांगा न, सर."

"तुम्ही तं पाह्यलं असन. तवा डोये चांगले होते."

मग मुख्याध्यापक हळूच म्हणाले, "तवा मी गाडीतून उतरलोच नवतो. झोपलो होतो."

"मंग आता बी गाडीतच बसा," म्हणून सर पुढच्या गुंफेकडे चालू लागले. मुख्याध्यापकांचा हात मी धरला.

यंदा सर गेले. शेवटच्या दुखण्यात मी त्यांना विचारलं होतं, "आंधळ्या मानसासंगं असे वागले, सर. पस्तावा नाई होत?"

ते उशीवरून उठून बसले. "माहा अपमान मी कवाच सोडला असता. पन त्या पोट्ट्यायले हत्तीपुढून तसंच वापस आनलं. त्यायच्या वाटची माफी मी कोन देनारा?"