साक्षीदाराचे तीन पत्ते

नोकरीतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. त्या शिंप्याचे प्रकरण मात्र पहिल्या जबाबापासून शेवटच्या सहीपर्यंत मला अजून सलग आठवते.

सत्तरचे दशक संपत आले होते. मी आमच्या बेटाच्या मधल्या पठारावरच्या एका पोलीस ठाण्यात सार्जंट होतो. ठाण्याचे नाव सांगत नाही, कारण या प्रकरणातली माणसे अजून तिथेच राहतात. एका शुक्रवारी संध्याकाळी गावातले कापडाचे दुकान फोडून कोणीतरी तागे नेले. मालकाने एका शिंप्यावर संशय घेतला. दोघांचे त्याच आठवड्यात भररस्त्यात भांडण झाले होते आणि एका शेजाऱ्याने दुकानामागे 'त्याच्यासारखा कोणीतरी' पाहिला होता. शिंप्याला अटक झाली. जबाब मी नोंदवला.

"त्या वेळी कुठे होतास?"

"पोर्ट लुईहून येणाऱ्या बसमध्ये, सर. बस वाटेत उसाच्या रानाजवळ बंद पडली. दुसरी यायला खूप वेळ लागला."

"कोणी ओळखीचे होते?"

"ओळख तिथेच झाली. शेजारी बसलेल्याच्या शर्टाचा खिसा फाटला होता. वेळ जाईना, म्हणून शिवून दिला. सुई माझ्या कॉलरला असतेच."

"दोरा कोणता?"

तो जरा ओशाळला. "हिरवा. शर्ट पांढरा होता. पण दुसरा दोराच नव्हता, सर. काम बघून माझी मलाच लाज वाटली."

खोटे बोलणारा माणूस सहसा स्वतःच्या कामाला नावे ठेवत नाही. मला तेव्हाच वाटले की हा खरे सांगतो आहे. पण माझ्या वाटण्याला न्यायालयात किंमत नव्हती. कंडक्टरला चेहरे आठवत नव्हते, बाकीचे प्रवासी पांगले होते. उरला तो खिसावाला. त्याने शिंप्याला आपले नाव-गाव सांगितले होते आणि 'घर देवळामागे' असेही. गाव आमच्याच हद्दीतले निघाले.

ठाण्यात कार्डांची पेटी होती. एका माणसाचे एक कार्ड आणि त्यावर पत्त्यासाठी एकच ओळ. या माणसाने कधीतरी नोकरीसाठी वर्तणुकीचा दाखला नेला होता, म्हणून त्याचेही कार्ड होते. पत्ता तोच, देवळामागचा. मी समन्स देऊन कॉन्स्टेबलला पाठवले. तो परत आला.

"लि पा ला, सर," तो क्रेओलमध्ये म्हणाला. तो नाही, एवढाच त्याचा अर्थ. "आई म्हणते, इथेच राहतो, आत्ताच बाहेर पडला."

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच. आमचे इन्स्पेक्टर म्हणाले, "साक्षीदार पढवलेला असणार. आता तोंड लपवतोय." त्यांचे अनुमान चुकीचे म्हणता येत नव्हते. इतक्या वेळा आत्ताच बाहेर पडणारा माणूस मीही पाहिला नव्हता.

इकडे शिंप्याची बायको जेवणाचा डबा घेऊन येत असे. तिने रडारड केली नाही. ती हिशेबाचे बोलली.

"शाळेचे गणवेश अर्धे कापून पडलेत. लोक कापड परत न्यायला लागलेत, सर. शाळा उघडायच्या आत हे सुटले नाहीत, तर सुटल्यावर बसायला दुकानच राहणार नाही."

गुरुवारी मॅजिस्ट्रेटसमोर तारीख होती. साक्षीदार आला नाही तर कोठडी वाढणार, हे उघड होते.

मंगळवारी मी साध्या कपड्यांत त्या गावी गेलो. कोपऱ्यावर चिनी माणसाचे दुकान होते. सिगारेट घेताना त्याने मला ओळखले आणि क्रेओलमध्ये साहेब म्हणून हाक मारली.

"मिस्ये, तुमचा शिपाई त्या म्हातारीकडे सारखा का जातो?"

"तिचा मुलगा हवाय."

"मुलगा? तिच्या घरी सकाळी एकच पाव जातो. तिला एकटीलाच तो पुरेसा होतो. गणपतीत मात्र टोपली भरून नेते."

ही खबर मी डोक्यात ठेवली आणि देवळामागे गेलो. म्हातारी अंगणात तांदूळ निवडत होती. आमचीच मराठी माणसे. तिची बोली माझ्या आजीसारखी, मध्येच क्रेओल शब्द येणारी.

"मावशी, मुलगा आहे का घरी?"

"आत्ताच भायेर गेला रे बाबा."

"जेवायला येईल?"

"येल की. जाईल कुठं? त्याचं घर हाय."

"मग आज पाव एकच का आणला?"

तिचा हात सुपातच थांबला. मग ती दुकानाच्या दिशेने पाहून म्हणाली, "त्या चिन्याला विकायचं सोडून माझ्या तोंडातले घास मोजायचं काम कोणी दिलं?"

मला हसू आले. तीही थोडी हसली, पण लगेच सावध झाली. "काय केलंन त्यानं?"

"काही नाही. त्याच्या एका शब्दावर एक माणूस सुटेल. शिंपी आहे, निरपराध आहे. तुमच्या मुलाचा खिसा शिवून दिलाय त्याने."

तिने सूप बाजूला ठेवले. मग हळूच म्हणाली, "म्हणजे तुम्ही लिहिणार? सरकारी कागदावर? माझा मुलगा सासरी राहतो म्हणून?"

मग तिच्याच तोंडून सगळा उलगडा झाला. मुलगा आठवडाभर पोर्ट लुईला गोदीत काम करी आणि तिथेच एका खोलीवर राही. शुक्रवारी बसने प्लेन मान्येनला जाई, बायकोच्या माहेरी. आईकडे येई तो गणपतीला आणि सणावारी. पण कोणी विचारले तर तो देवळामागचेच घर सांगे, आणि आईही तेच सांगे. घरजावई हा शब्द दोघांनाही पोलिसांपेक्षा जास्त भीतीचा होता.

मी खिशातून कोरे कार्ड काढले. "सगळ्यात वर तुमचं घर लिहितो. ते कोणी खोडणार नाही."

"आन् खाली?"

"खाली तो सापडतो ती ठिकाणं."

"वाचून दाखवा." मी वाचून दाखवले. तिने मध्येच थांबवले. "सासर नका लिहू. शनिवार-रविवार लिहा."

मी तसेच लिहिले. घर, देवळामागे. सोमवार ते शुक्रवार, पोर्ट लुई, गोदीजवळची खोली. शनिवार-रविवार, प्लेन मान्येन. तिने मान हलवली आणि मला चहा केला.

मंगळवार असल्यामुळे कुठे शोधायचे हे कार्डच सांगत होते. पोर्ट लुईला फोन केला. संध्याकाळी तिथल्या शिपायाला तो खोलीवर भेटला. या भानगडीची त्याला गंधवार्ताही नव्हती. बस, उसाचे रान, शिंपी, त्याने सगळे आपणहून सांगितले. शर्टाबद्दल विचारल्यावर त्याने तो दोरीवरून काढून आणला. पांढऱ्या खिशाला हिरवे टाके होते.

गुरुवारी त्याने मॅजिस्ट्रेटसमोर साक्ष दिली आणि शिंपी सुटला. पुढे तागे दुसरीकडे सापडले आणि त्यांच्याबरोबर दुसराच माणूस.

लोक पोलिसांपासून गुन्हाच लपवतात असे मी तोवर धरून चालत होतो. निम्म्या वेळा ते एखादी घरगुती लाज लपवत असतात आणि त्यापायी तिसराच कोणी कोठडीत बसतो. माणसाचे घर आणि तो सापडण्याची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक लिहिण्यासाठी दुसरी खोडू नये. आमच्या पेटीतली कार्डे आम्ही त्याच पद्धतीने नव्याने लिहिली. वरची ओळ माणूस स्वतः सांगेल ती, खालच्या ओळी वारांसकट.

सुटकेच्या दुसऱ्या दिवशी मी शिंप्याच्या दुकानावरून गेलो. मशीन चालू होते. दाराशी आया पोरांना घेऊन उभ्या होत्या आणि त्याची बायको एकेकाला पुढे बोलावत होती. मी हाक मारली. त्याने पायाची गती न थांबवता हात वर केला आणि म्हणाला, "सोमवारी शाळा उघडते, त्यानंतर या सर, आता मान वर करायला फुरसत नाही."