आक्काताईंचं जत

आक्काताई मगदूम वर्गात शिरल्या की मुली पैज लावायच्या, आज बाई किती मिनिटांत जतला पोचतात. उभी नोकरी त्यांनी जत तालुक्यात नर्स म्हणून काढली होती. निवृत्तीनंतर सांगलीच्या एका नर्सिंग स्कूलमध्ये त्या शिकवू लागल्या. विषय रक्तदाबाचा असो की जखमेच्या पट्टीचा, "आमी जतला असताना" म्हटलं की धडा तिथंच अडकायचा. मुली खूश. परीक्षेत मात्र जतवर प्रश्न यायचा नाही.

शेवटी प्राचार्या पल्लवी मॅडमनी बजावलं, "शुक्रवारी मी मागं बसणार आहे. धडा भरकटला तर हा वर्ग दुसऱ्यांना द्यावा लागेल."

हा एकच वर्ग होता आक्काताईंकडे, आणि त्या पोरींवर त्यांचा फार जीव होता. त्यांनी पुढच्या बाकावरच्या स्वप्नालीला बाजूला घेतलं. "मी जतची वाट धरली की तू खोकायचं. लाजायचं न्हाई." आठवडाभर पोरगी एवढी खोकली की वॉर्डातल्या सिस्टरनी तिला तपासून घेतलं.

शुक्रवारी धडा होता हात धुण्याचा. आक्काताईंनी साबणाचा फेस केला, बोटांच्या बेचक्या चोळून दाखवल्या आणि कोपरानं नळ उघडला. नळ नुसता फुसफुसला. मागच्या बाकांवर खसखस पिकली.

"आमी जतला असताना..."

स्वप्नाली खोकली. आक्काताईंनी ओठ मिटले. हात फेसानं माखलेले, मागं प्राचार्या बसलेल्या. मग त्यांनी हात तसेच वर धरले.

"स्वप्नाली, माठातलं तांब्याभर पाणी आण. धार बारीक धर. हां. बोटं वर, कोपर खाली, पाणी कोपरावाटे गळू दे. टँकर आला नव्हता आणि धोंडुबाईच्या कळा सुरू झालेल्या, तवा तिच्या सासूनं अशीच धार धरली होती. पाणी कमी असलं तरी एक बोट सोडायचं न्हाई. चला, आता जोडी जोडीनं करा."

गोष्ट तिथंच थांबली. मुलींनी पाळीपाळीनं हात धुतले, एकीनंही चेष्टा केली नाही.

पल्लवी मॅडम उठून पुढं आल्या. "वर्ग तुमच्याकडेच राहू दे, आक्काताई." मग जरा घुटमळल्या. "पण त्या धोंडुबाईचं पुढं काय झालं हो?"

सगळ्या माना वळल्या. स्वप्नालीसुद्धा खोकायचं विसरून कान देऊन बसली. आक्काताईंचा चेहरा उजळला, तोंड उघडलं, आणि त्या स्वतःच खोकल्या.

"बेल व्हायचीय अजून, मॅडम," त्या म्हणाल्या. "गोष्ट त्यानंतर. तोवर बसा जरा."